फोन न उचललेली नऊ माणसं

"कसे आहात?" हा प्रश्न बोर्डताईंनी एकाही पेशंटला कधी विचारला नाही. असं विचारलं की माणूस "बरा आहे" म्हणतो आणि दोन्ही बाजूंची सुटका होते, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारायच्या, "काल संध्याकाळी काय जेवलात?" किंवा "आत्ता बसलाय कुठे, खुर्चीवर की पलंगावर?" समोरचा गोंधळून खरं सांगून टाकायचा. ऑपरेशन होऊन घरी गेलेल्या माणसाला फोन करायचा आणि त्याचं कसं चाललंय ते कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम होतं. नऊ वर्षं त्या ते करत होत्या.

त्याआधी सतरा वर्षं त्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या, म्हणून बोर्डताई. बोर्ड गेला, आपोआप चालणारं यंत्र आलं, आणि ताईंना खुर्ची उरली पण काम उरलं नाही. कार्यालयातल्या साहेबांना त्यांना घालवायचं धाडस झालं नाही. ताईंच्या नाकावर माशी बसत नसे, आणि बसलीच तर ती माशी पुढे आठ दिवस पस्तावायची. मग साहेबांनी हे फोनचं काम शोधून काढलं आणि त्यांना दुसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याखाली एक खोली दिली. खोलीचं छत तिरकं होतं. आत येणारा प्रत्येक उंच डॉक्टर एकदा तरी डोकं आपटून घ्यायचा. ताई म्हणायच्या, "चांगलं आहे, माझ्या खोलीत सगळे वाकूनच येतात."

टेबलावर दोन फोन होते, एक बाहेरचा आणि एक वॉर्डांना जोडलेला. शेजारी घशाच्या गोळ्यांचा डबा, टोक केलेल्या पाच पेन्सिली आणि कागदांचा गठ्ठा. दिवसभर अशा फोनवर बोलणाऱ्या बाईचे यजमान कानाने अधू होते. घड्याळं दुरुस्त करायचे ते. "घरी गेले की मला बोलावंच लागत नाही, तेवढीच विश्रांती," असं ताई सांगायच्या. ते पूर्ण खरं नव्हतं. त्यांच्या घरी मी दोनदा जेवलोय. ताई बोलत होत्या आणि यजमान प्रत्येक वाक्यानंतर "हो ना" म्हणत होते.

मी तेव्हा तिथे सर्जरी शिकत होतो. तीनपैकी दोन वर्षं झाली होती. म्हणजे हात बऱ्यापैकी चालायला लागला होता आणि तोंड त्याहून जास्त. ताई मला "छोटे डॉक्टर" म्हणायच्या. माझी उंची पाच फूट अकरा इंच आहे, तेव्हा हे उंचीवरून नव्हतं हे उघड होतं.

आमच्या विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणायचे, त्यांनी त्या सुमारास अपेंडिक्सची ऑपरेशनं दुर्बिणीतून करायला सुरुवात केली होती. जुनी पद्धत सरळ होती. पोटाच्या उजव्या बाजूला खाली चार बोटांची चीर द्यायची, सुजलेलं अपेंडिक्स बाहेर काढायचं, टाके घालायचे. नव्या पद्धतीत पोटात वायू भरून ते फुगवायचं, तीन बारीक भोकं पाडायची, एकातून कॅमेरा घालायचा, उरलेल्या दोनांतून लांब अवजारं, आणि पडद्यावर बघत बघत काम करायचं. दुखतं कमी, माणूस लवकर घरी जातो, लवकर कामाला लागतो. मला तर त्या पडद्याचं वेडच लागलं होतं.

वर्षाअखेरीला सर्जन लोकांची एक सभा होती. मोठ्या डॉक्टरांना तिथे आमचे आकडे मांडायचे होते: उघड्या ऑपरेशननंतर किती जणांना त्रास झाला आणि दुर्बिणीच्या किती जणांना. तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. ताईंच्या सातव्या दिवसाच्या फोनांचे कागद घ्यायचे, मोजायचे, चौकटी भरायच्या. उघडी अठ्ठावन्न, दुर्बिणीची बासष्ट. जखमेत पू झालेले उघड्यात नऊ आणि दुर्बिणीत दोन. पोटाच्या आत पू साठलेले उघड्यात दोन आणि दुर्बिणीत एक. तक्ता बघून माझी छाती फुगली. बाहेर कमी, आतही कमी. दुर्बीण दोन्हीकडे जिंकली होती.

एका बुधवारी सकाळी तो तक्ता घेऊन मी ताईंच्या खोलीत गेलो. डोकं आपटलं नाही, तोवर शिकलो होतो. त्यांच्या कागदांशी एकदा ताळा झाला की काम संपलं, अशा हिशोबाने गेलो होतो. ताईंनी चष्मा पुढे ओढला, तक्ता वाचला, आणि पेन्सिलीचं टोक एका चौकटीवर ठेवलं.

"हे एकशेवीस कुठून आले?"

"तुमच्याच कागदांवरून."

"माझे कागद एकशेअकरा आहेत. नऊ जणांनी फोनच उचलला नाही."

"ते मी ‘तक्रार नाही’मध्ये घातले."

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे?"

मी समजावून सांगितलं. वॉर्डात आमचा असाच रिवाज होता. राउंडला पेशंट झोपलेला असला, काही बोलला नाही, तर आम्ही कागदावर लिहायचो, तक्रार नाही. त्याला काही होत असतं तर तो बोललाच असता. घरी गेलेल्यालाही तेच लागू. काही बिघडलं असतं तर त्याने आपणहून फोन केला असता. हे मी अगदी विश्वासाने बोललो, अजून आठवतं.

"छोटे डॉक्टर," ताई म्हणाल्या, "मी तुमच्या लग्नाला आले नाही तर तुम्ही काय लिहाल? ताई जेवून गेल्या?"

"ताई, नऊ जणांनी काय फरक पडतो? एकशेवीसात नऊ!"

"कुठले नऊ ते बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं. त्यांनी बघून ठेवलं होतं. नऊपैकी सहा दुर्बिणीचे होते.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नव्हतं. "मोठ्या टाक्यांचा माणूस मला स्वतः फोन करतो. पट्टी ओली झाली, टाक्यातून पाणी येतंय, लाल झालंय, काय करू? त्याला दिसतं ना. दुर्बिणीच्या माणसाला काय दिसणार? तीन भोकं, तीही सुकलेली. आत काय चाललंय ते दाखवायला त्याच्याकडे काही नाही. तो फोन करत नाही, डॉक्टर. त्याला वाटतं आपण बरे झालो."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, जिन्याखाली बसून सर्जरी शिकवणं सोपं आहे. तोंडाने म्हणालो, "शुक्रवारी तक्ता द्यायचाय. तोवर काय करायचं ते करा."

"आत्ताच करते," म्हणत त्यांनी पहिला कागद ओढला. "हा सगळ्यात ताजा. बेकरीवाले. आज आठवा दिवस. काल दोनदा लावला, कुणी उचलला नाही."

हे बेकरीवाले काका माझे होते. म्हणजे ऑपरेशन मी केलं होतं, मोठे डॉक्टर शेजारी उभे असताना, दुर्बिणीतून. पन्नाशीचे, गोल पोटाचे, बडबडे. दुखणं तीन दिवस अंगावर काढून आले होते. आत गेलो तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं आणि भोवती पू होता. तो मी धुऊन काढला, चांगला तासभर लागला. काका चौथ्या दिवशी चालत घरी गेले. जाताना वॉर्डातल्या प्रत्येकाला बनियन वर करून भोकं दाखवत होते: "बघा, एवढ्याशातून काढलं!" मी शेजारी उभा राहून हसत होतो. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

अपेंडिक्सच्या पेशंटकडे पहिले दोन-तीन दिवस आमचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे असतं. वारा सरला का? पोट साफ झालं का? आतडी पुन्हा चालू झाली की आमचा जीव भांड्यात पडतो. नातेवाइकांनाही आम्ही तेच शिकवतो. काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोने, निघताना मला विचारलं होतं, "घरी कशावर लक्ष ठेवू?" आणि मी दुसऱ्या पेशंटच्या फायलीवर सही करता करता म्हटलं होतं, "पोट साफ होतंय तोवर काळजी करू नका."

ताईंनी फोन लावला. अकरा वाजले होते. काकूंनी उचलला. ताई त्यांना म्हणाल्या, काकांना द्या. मग थोडं ऐकून, "बरं, नंतर करते," म्हणून ठेवला.

"आत गेलेत म्हणे. संडासला."

"चांगलं आहे की!" मी म्हणालो आणि वॉर्डात निघून गेलो.

सव्वाबाराला वॉर्डातला फोन वाजला. ताई होत्या. "खाली या."

मी दोन पेशंटच्या मधे होतो. तरी गेलो, थोडा कुरकुरत. ताईंसमोर काकांचा कागद होता आणि त्यावर त्यांच्या बारीक अक्षरात बरंच काही लिहिलेलं होतं.

"पावणेबाराला लावला, काका संडासात. आत्ता लावला, काका संडासात. मग म्हटलं काकूंनाच विचारू. काल सकाळपासून आत्तापर्यंत किती वेळा? त्या हसून म्हणाल्या, अकरा वेळा, ताई, पोट एकदम छान साफ होतंय. मी विचारलं, कसं होतंय? लाजल्या. मग म्हणाल्या, थोडंथोडं, चिकट, शेंबडासारखं. लघवीला? सारखी लागते पण होत नाही. काल काय जेवले? चहा आणि एक बिस्किट. ताप? म्हणाल्या, ताप नाही, अंग गरम असतं, पण ते दिवसभर भट्टीपाशी उभे असतात ना."

"भट्टीपाशी?"

"घरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामाला लागलेत. भोकं छोटी आहेत म्हणून."

मी खुर्चीत बसलो. तरी माझ्यातला उंटावरचा शहाणा अजून खाली उतरायला तयार नव्हता. "बाहेरचं काही खाल्लं असेल. जुलाब आहेत, ताई. औषध सांगतो, तुम्हीच कळवा."

"मी नाही कळवणार."

"का?"

"मला आत काय असतं ते कळत नाही. मी डॉक्टर नाही. पण नऊ वर्षांत पोटाच्या ऑपरेशनवाल्या शेकडो माणसांना मी आठव्या दिवसाच्या आसपास फोन केलाय. आठव्या दिवशी माणूस जेवायला मागतो, चिडचिड करतो, बायकोची तक्रार करतो. चहा-बिस्किटावर राहून अकरा वेळा संडासला जात नाही." त्यांनी आतल्या फोनच्या बटणावर बोट ठेवलं. "तुम्ही जाता की मोठ्या डॉक्टरांना लावू?"

मी गेलो. रुग्णालयाची गाडी नेमकी रिकामी उभी होती, ती ताईंनी मी पोचायच्या आधीच सांगून ठेवली होती. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून वाट बघत होता.

बेकरी पंधरा मिनिटांवर होती. पुढे काचेचं कपाट, त्यात पावांच्या रांगा, मागे भट्टीची खोली. काकू गल्ल्यापाशी होत्या, मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "अहो, डॉक्टर घरी आले!" आत काका मैद्याच्या पोत्यावर बसले होते. खुर्ची रिकामी होती पण ते पोत्यावर बसले होते, एका अंगाला कलून. मऊ लागत होतं म्हणून, हे मला नंतर कळलं. मला बघताच त्यांनी सवयीने बनियन वर केलं. तिन्ही भोकं सुंदर सुकली होती. विद्यार्थ्यांना दाखवावीत अशी.

मी त्यांचा हात धरला. भट्टी सात-आठ फुटांवर होती. मी काकांना उठवून बाहेरच्या दारापाशी, वाऱ्याला उभं केलं, दहा मिनिटं तिथेच बोलत थांबलो आणि मग थर्मामीटर लावला. एकशेतीन. जीभ कोरडी होती. नाडी मोजली, एकशेवीस. माझी पाचावर धारण बसली.

"गाडीत बसा, काका."

"आत्ता? पाव भट्टीत आहेत, डॉक्टर."

"बसा म्हटलं ना!" मी ओरडलो. आयुष्यात पेशंटवर ओरडलो त्या मोजक्या वेळांपैकी ती एक. काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून गल्ला सोपवला.

रुग्णालयात बोटाने तपासलं तेव्हाच कळलं. खालून, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीपाशी, मऊ, दुखरा फुगवटा लागला. सोनोग्राफीत तो दिसला, मूत्राशयाच्या मागे, पेलाभर. धुतलेल्या पुवातला उरलासुरला सगळा ओटीपोटाच्या तळाशी जाऊन साठला होता. तो आतड्याच्या शेवटच्या भागाला डिवचत होता म्हणून सारखं संडासला लागायचं, मूत्राशयाला टेकत होता म्हणून सारखी लघवी. काकूंना वाटत होतं पोट साफ होतंय. ते पोट साफ होत नव्हतं, ते गळू दार ठोठावत होतं.

मोठे डॉक्टर आले. पडद्यावर बघत सुई आत नेली, मागोमाग नळी. पेलाभर पू निघाला, वास असा की खोलीतल्या तंत्रज्ञाने खिडकी उघडली. "आणखी दोन दिवस गेले असते," मोठे डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. मला पुढचं माहीत होतं. फुटून पोटभर पसरला असता, किंवा रक्तात उतरला असता, आणि मग पन्नाशीच्या त्या गोल माणसाला आम्ही कदाचित वाचवू शकलो नसतो. माझ्या तक्त्यात मात्र ते ‘तक्रार नाही’च्या चौकटीत राहिले असते.

पहिले दोन दिवस ताप हटला नाही. मी दर दोन तासांनी काकांच्या खाटेपाशी जायचो आणि काकू दर वेळी बाकावरून उठून उभ्या राहायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. काकांनी जेवायला मागितलं, जेवण आल्यावर पाव कसला हा म्हणून नावं ठेवली. मला इतकं हायसं वाटलं की जिन्यात जाऊन दोन मिनिटं बसलो.

तोवर ताईंनी उरलेल्या आठ जणांचा पिच्छा पुरवला होता. कुणाचा नंबर बदललेला, कुणी दुसऱ्या गावी मुलीकडे गेलेलं, एकाने तर रुग्णालय पैसे मागायला फोन करतंय असं समजून तीनदा ठेवून दिला. ताईंनी चौथ्यांदा लावला आणि आधी त्याची खरडपट्टी काढली, मग प्रश्न विचारले. सात जण सापडले. पाच ठणठणीत होते. उघड्या ऑपरेशनच्या एकाची जखम पिकली होती आणि ती घराजवळच्या डॉक्टरने उघडली होती. दुर्बिणीच्या एका शाळामास्तरांना नवव्या दिवशी दुसऱ्या रुग्णालयात भरती केलं होतं, आत पू. ते वाचले होते, पण आमच्यावर रागावलेले होते आणि तो राग त्यांनी ताईंवर काढला. ताईंनी तो पूर्ण ऐकून घेतला. एक जण मात्र कुठेच लागला नाही.

शुक्रवारचा तक्ता पुढच्या बुधवारी झाला. जखमेत पू उघड्यात दहा, दुर्बिणीत दोन. आत पू उघड्यात दोन, दुर्बिणीत तीन. माहीत नाही, एक. मी तो मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवला आणि शिव्या खायला उभा राहिलो.

त्यांनी बराच वेळ बघितला. "तीन आणि दोन. यावरून काही सिद्ध होतं का?"

"नाही, सर. यादी लहान आहे."

"आणि एक आणि दोनवरून सिद्ध होत होतं?"

"तेही नाही, सर."

"मग तू मागच्या आठवड्यात एवढा नाचत का होतास?"

ते म्हणाले, "दुर्बीण सोडायचं कारण नाही. दहा जखमा पिकण्याऐवजी दोन पिकतायत, माणूस लवकर उठतोय, हे खरंच आहे. पण फुटलेलं अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं तर आत पू राहू शकतो आणि बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही. हे आपण सांगायचं. आणि हा ‘माहीत नाही’ तसाच ठेव. त्याला कुठल्याही चौकटीत ढकलू नकोस." दोनच दिवसांनी भरलेल्या सभेत त्यांनी तो तक्ता जसाच्या तसा मांडला. तिथे एका नामांकित सर्जनने विचारलं, सातव्या दिवशी एवढी बारीक माहिती तुम्ही गोळा कशी केलीत? मोठे डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे एक बाई आहेत.

हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या, पण त्यांनी ते दाखवलं नाही. उलट विचारलं, "काकूंना सांगितलंत का?"

"काय?"

"त्यांना तुम्ही काय सांगितलं होतंत ते."

काकूंशी फोनवर बोलताना ताईंना ते कळलं होतं. डॉक्टरांनीच सांगितलंय ना, पोट साफ होतंय तोवर काळजी नको, असं काकू म्हणाल्या होत्या. ताईंनी ते कागदावर लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर कार्यालयापर्यंत गेलं असतं. पण त्या विसरल्याही नव्हत्या.

"ताई, काका बरे झालेत, दोन-चार दिवसांत घरी जातील. आता कशाला?"

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वॉर्डातला फोन वाजला. "सांगितलंत?" मी म्हणालो, राउंड चालू आहे. तिसऱ्या दिवशी नऊला, "सांगितलंत?" मी म्हणालो, आज ऑपरेशनं आहेत. सिस्टर माझ्याकडे बघून हसायला लागल्या. चौथ्या दिवशी नऊला फोन वाजला तेव्हा सिस्टरनी रिसीव्हर उचलून न विचारताच माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "ताई, काका आज घरी जातायत."

"म्हणून तर विचारतेय. परत घरी कशावर लक्ष ठेवायचं ते त्या तुम्हालाच विचारतील."

मला भीती वाटत होती, हे आता सांगायला हरकत नाही. चूक केल्याची नव्हे, ती तर झालीच होती. काकू मला देवमाणूस समजत होत्या. डॉक्टर स्वतः घरी आले, डॉक्टर दर दोन तासांनी यायचे, असं त्या वॉर्डभर सांगत होत्या. तो मान मला सोडवत नव्हता.

दुपारी काका कपडे बदलायला गेले. काकू खाटेवर पिशवी भरत होत्या. मी डिस्चार्जचा कागद घेऊन गेलो आणि त्यांनी अगदी तोच प्रश्न विचारला. "डॉक्टर, या वेळी घरी कशावर लक्ष ठेवू?"

मी म्हणालो, "काकू, मागच्या वेळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पोट साफ होतंय तोवर काळजी नको, असं म्हटलं. ते अर्धवट होतं. घाईत बोललो. तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात म्हणून काका इतके दिवस घरी राहिले. ही चूक माझी आहे, तुमची नाही."

काकूंचा हात पिशवीतच राहिला. मग म्हणाल्या, "ते आत गेले की मी भट्टीपाशी उभी राहून हात जोडायचे. दर वेळी. म्हटलं, देवा, माझ्या माणसाचं पोट चालू ठेवलंस. अकरा वेळा हात जोडले मी, डॉक्टर."

त्यांनी पदराने डोळे पुसले, मग माझ्या हातातला कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरून वरपासून खालपर्यंत वाचला. कागदावर गोळ्यांची नावं होती आणि पुन्हा दाखवायला यायची तारीख होती. बाकी काही नव्हतं.

"यात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "लिहा. ताप हाताने बघायचा नाही, थर्मामीटरने बघायचा. भट्टीपासून लांब बसवून. जेवण घटलं तर कळवायचं. सारखं संडासला लागलं तर कळवायचं. भोकं सुकली म्हणजे आत सगळं बरं आहे असं समजायचं नाही. आणि हे सगळ्यांना छापून द्या, फक्त मला नको."

"सगळ्यांना देईन."

"लिहा मग आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर पुढची बाईसुद्धा माझ्यासारखी हात जोडत उभी राहील."

मी खिशातून पेन काढलं, खाटेच्या कडेवर बसलो आणि काकू सांगतील तसं लिहायला लागलो.